पॉलिशचे ससे

मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटल्यावर होणारी चिडचिड लपवता येत नाही. लष्कराच्या छावणीतल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते, तेव्हा या दोन खोडींनी मिळून माझ्याकडून चोवीस ससे करवून घेतले.

शाळा सिस्टर लोकांची होती. मोठ्या सिस्टर केरळकडच्या, उंच आणि सडपातळ. चालताना त्यांचा आवाज यायचा नाही. त्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आहेत हे मुलांच्या एकाएकी शहाण्या झालेल्या चेहऱ्यांवरूनच कळायचं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांची बरीच वर्षं गेली होती, पण मराठी त्यांनी भाजीबाजारापुरतीच उचलली होती. बाकी सगळा कारभार हिंदीत, नाहीतर दोन्हींच्या खिचडीत.

मार्च संपता संपता त्यांनी मला बोलावलं आणि एक पोस्टकार्ड पुढ्यात ठेवलं. कुठल्याशा थंड देशात काम करणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीनं ते पाठवलं होतं. मिठाईच्या दुकानाची काच आणि काचेमागे ओळीनं बसलेले चॉकलेटचे ससे. गडद तपकिरी, गुबगुबीत, कान उभे. तिकडे ईस्टरच्या सणाला असे ससे करतात म्हणे.

"ऐसा बनाना है," सिस्टर म्हणाल्या. "ईस्टरला हॉलमध्ये बारा टेबलं. हर टेबलावर दोन."

"चॉकलेटचे?"

"अपना हॉल पत्र्याचा. चॉकलेटचं तर सूप होणार. खायचे नाहीत, फक्त दिसायचे."

मी हो म्हटलं आणि बाहेर पडल्यापडल्या स्वतःला शिव्या घातल्या. चॉकलेटचा ससा सोडा, चॉकलेटच मी आयुष्यात चार-पाच वेळा खाल्लं असेल. आणि जिवंत ससा पाहिला होता तो वेरूळजवळच्या आजोळी, शेतातून पळताना. म्हणजे फक्त मागून.

तरी आकार जमला. शाडूचा एक ससा घडवला, त्यावरून प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा काढला. साच्यात भरायला कागदाचा लगदा. त्यासाठी शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिका मागून आणल्या आणि दोन दिवस पाण्यात भिजवल्या. पहिल्या नंबरवाले आणि नापास झालेले, सगळ्यांची एकच लापशी झाली. आईनं पाट्यावर मेथ्या वाटून त्यात घातल्या, कीड लागू नये म्हणून. तिच्या माहेरी जुन्या कागदांच्या टोपल्या अशाच करत. आठवडाभर घराला मेथीचा वास येत होता आणि गच्चीवर उन्हात पांढुरके ससे वाळत होते. कान गळून पडायला लागले तेव्हा आत तार घातली. तिथपर्यंत मी बरी होते.

खरी पंचाईत रंगाची. तपकिरी पोस्टर कलर लावून चार ससे ओट्यावर मांडले. बाबा बाहेरून आले, चप्पल काढता काढता थबकले.

"बैल बेस झालेत," म्हणाले.

"ससे आहेत ते."

"मग शिंगं कशाला काढली?"

"कान आहेत बाबा ते."

बाबांनी पुन्हा बघितलं, मान हलवली आणि आत गेले. मला इतका राग आला की एक ससा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. पण ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. पोळ्याला कुंभाराकडून आणतात ते मातीचे बैल आणि माझे ससे यांत कानांपलीकडे काही फरक नव्हता. वर वार्निश मारलं तर आणखीच बिघडलं. काकवीत पडून कसेबसे बाहेर आल्यासारखे दिसायला लागले.

आता बाबांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्याबद्दल मी शाळेत जे सांगितलं होतं ते खरं नव्हतं.

बाबा वेरूळच्या बाजूच्या एका खेड्यातले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, हिंदुस्थानची फौज छावणीत येऊन राहिली, आणि एवढ्या बुटांना टाचा ठोकायला, टाके घालायला हातांची गरज पडली. बाबा तेव्हा विशीत होते. आम्ही चांभार, घरातलं काम हातात बसलेलंच होतं. ते छावणीत आले आणि पलटणीच्या बुटांच्या कारखान्यात लागले ते केस पांढरे होईपर्यंत. काम सुटल्यावरही जुन्या ओळखीचे दोन-चार साहेब त्यांच्याशिवाय दुसऱ्याच्या हाती बूट देत नसत. बाबा घरीच ते दुरुस्त करायचे, पॉलिश करायचे आणि सायकलवरून लाइनीत, म्हणजे साहेबांच्या बंगल्यांवर, पोचवून यायचे.

शाळेत लागले त्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एका वयस्कर बाईंनी मला विचारलं, वडील काय करतात. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. ते गावावरून पडलेलं आहे आणि ते लावणारे सगळ्या जातींत आहेत. आडनावानं भागलं नाही की लोक वडिलांकडे वळतात. मी म्हटलं, "पलटणीत होते."

"सुभेदार?"

मी चहाचा घोट घेतला. तो घोट जरा लांबला, आणि तेवढ्यात बाबा सुभेदार झाले.

पुढची चार वर्षं मी ते निभावलं. घराचा विषय निघाला की मी परीक्षांचा काढायची. कुणी घरी येते म्हणालं की आई नेमकी आजारी पडायची, आणि त्या बिचारीला स्वतःच्या दुखण्यांचा पत्ताही नसायचा. मला बाबांची लाज वाटत होती का? तेव्हा विचारलं असतं तर मी भांडले असते. आज सांगते, वाटत होती, आणि त्याहून जास्त त्या खोलीची भीती वाटत होती. दुपारी तिथे सगळ्या जणी डबे उघडून एकत्र बसायच्या. माझ्या डब्यातल्या लोणच्यावर सगळ्यांचा डोळा असायचा. उद्या यांना कळलं तर कुठला चमचा आधी मागे जाईल, याचा हिशोब मी रोज मनात करायची आणि रोज हसून बरणी पुढे करायची. फार दमवणारं काम होतं ते.

बाबांना हे सगळं मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक नसेल असं मी धरून चालले होते.

वार्निशचे ससे खरवडत मी ओट्यावर बसले होते, तेव्हा बाबा शेजारी येऊन टेकले. पोस्टकार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं, उन्हाकडे तिरकं केलं.

"ही चकाकी वार्निशची नाय," म्हणाले.

"मग?"

"वार्निश वरच्या वर चमकतं. हे आतून चमकायलंय. ही पॉलिशची चमक हाय, पोरी. आन् तीबी घाईनं मारलेली नाय."

चॉकलेट बाबांनी माझ्याहूनही कमी खाल्लं असणार. पण उजेड एखाद्या गोष्टीवर कसा बसतो हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी आतून त्यांची पत्र्याची पेटी आणली. आधी सशाला बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलं. मग मेणबत्ती वितळवून मेणाचा एक हात दिला, कागदानं पॉलिश पिऊन टाकू नये म्हणून. मग दोन बोटांना मऊ चिंधी गुंडाळली, तपकिरी पॉलिश बोटाच्या टोकावर अगदी नखाएवढं घेतलं आणि पाठीवर छोटी छोटी वर्तुळं काढायला लागले. कानाच्या मुळाशी, मानेच्या घडीत थोडं काळं. मग थांबायचं. मग ब्रश. मग पुन्हा चिंधी आणि पाण्याचा एक थेंब.

पाण्यावरून आमचं वाजलं. बाबांच्या मते खरी चमक थुंकीनंच येते. पलटणीत सगळे तसंच करायचे.

"हे ससे चर्चच्या हॉलमध्ये ठेवायचे आहेत," मी म्हटलं. "थुंकी नाही. फक्त पाणी."

"पाण्यानं तशी येत नाय."

"येईल तशी चालेल."

बाबा पुटपुटत पाणी घ्यायला उठले. पुढे त्या चोवीस सशांत दोन-तीन असे निघाले की त्यांच्या पाठीवर आरशात दिसावेत तसे खिडकीचे गज दिसत होते. त्यांना पाणीच लागलं होतं का, हे मी विचारलं नाही.

पहिला ससा बघता बघता चॉकलेटचा झाला. मी पोस्टकार्ड शेजारी धरून पाहिलं. खरं सांगते, आमचाच जास्त खावासा वाटत होता. आई म्हणाली, "आता वास घेऊ नका म्हणजे झालं."

मी ससा नाकाशी नेला. वास होता. पलटणीच्या बुटांचा, टर्पेंटाइनचा, उग्र वास. त्या वासानं आमचं अख्खं घर भरलेलं असायचं, आमच्या नाकाला तो कळतच नव्हता. शिक्षकांच्या खोलीतल्या नाकांना कळला असता. ही चमक कुठून आली, कुणी मारली, तुम्हाला हे काम कसं येतं, हे पुढचे सगळे प्रश्न मला एका श्वासात ऐकू आले.

बाबांनी सांगितलं होतं, चार दिवस उघडे ठेव, वारं लागू दे, पॉलिश बसू दे. मी काय केलं? प्रत्येक ससा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळला, सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत भरले आणि झाकण लावून कुलूप घातलं. गुरुवारी ट्रंक शाळेत नेऊन हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. शुक्रवारी येशूच्या मरणाचा दिवस, त्यामुळे सगळं बंद. छावणीत त्या दिवशी ऊन असं होतं की कुत्री गटाराबाहेर यायला तयार नव्हती. आणि माझे ससे पत्र्याच्या हॉलमध्ये, पत्र्याच्या ट्रंकेत, कागदात गुंडाळून पडले होते.

शनिवारी दुपारी मोठ्या सिस्टर आणि मी हॉल मांडायला गेलो. बारा टेबलांवर पांढऱ्या चादरी घातल्या, रंगीत कागदाच्या कातरणांची घरटी केली. मी ट्रंक उघडली आणि पहिला ससा सोडवायला घेतला. कागद सुटेना. सुटला तो छपाई सशावर ठेवून. पॉलिशनं अक्षरं चोखून घेतली होती. एकाच्या पोटावर उलट्या अक्षरांत बाजारभाव, एकाच्या गालावर कुणाच्या तरी सत्काराचा अर्धा फोटो. चमक गेली होती, वर पांढुरका थर चढला होता. आणि इतका वेळ कोंडलेला वास एकदम बाहेर आला.

मी रुमालानं पुसायला गेले तर पट्टे पडले. दुसरा घेतला, तोही गेला. सिस्टर शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"पहले किसने चमकाया था?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ओळखीचा एक कारागीर आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मलाच ऐकू यायला एक क्षण लागला.

"तो बुलाव. पाच बजे हॉल बंद करना है."

घर दहा मिनिटांवर. मी जवळजवळ पळतच गेले. बाबा जेवून आडवे झाले होते. मी सांगितलं, ससे बिघडले, शाळेत यायला लागतंय.

"मी?" त्यांनी विचारलं. एवढंच.

"हो."

ते उठले. खुंटीवरचा धुतलेला पांढरा सदरा घेतला, एक हात बाहीत घातला. मग माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना माझ्या चेहऱ्यावर कोण जाणे. त्यांनी तो सदरा काढून परत खुंटीला लावला आणि कामाचा घातला, छातीवर पॉलिशचे डाग असलेला. "कामालाच चाललोय ना," म्हणाले. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. पेटी त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि आम्ही चालत निघालो. शाळेचं फाटक दिसायला लागलं तशी सायकल हळू झाली आणि बाबा माझ्यापासून चार-पाच पावलं मागे पडले.

हॉलमध्ये सिस्टरांनी विचारलं, "आप ही हैं क्या?"

"व्हय," बाबा वाकून म्हणाले. "पॉलिशवाला. बाईंनी बोलावलं म्हणून आलो."

बाई म्हणजे मी.

ते जमिनीवर मांडी घालून बसले, पेटी उघडली आणि कामाला लागले. आधी टर्पेंटाइनच्या चिंधीनं अक्षरं उतरवली, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी सामान देत होते. मध्येच त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बाई, ते कापड द्या जरा." थोड्या वेळानं, "बाई, उन्हात नका धरू त्याला." ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून छावणीची परेड दाखवली होती, तो मला अहो-जाहो करत होता. आवाजात जरासुद्धा फरक नाही. साहेबांशी बोलतात तसं स्वच्छ, अदबीनं. हे त्यांनी वाटेत ठरवलेलं नव्हतं. चार वर्षांपासून त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि माझं खोटं माझ्यापेक्षा त्यांना जास्त चांगलं वठवता येत होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि सवयीप्रमाणे राग कुणावर काढायचा ते शोधत होते, तर तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

चारच्या सुमाराला शाळेत वरकाम करणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. दोन कप, दोन्ही बशांसकट, सारखेच. बाबांनी हात पुसले, एक कप उचलला आणि उठून बाहेर गेले. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. पॉलिशवाला आत बसून बाईंबरोबर चहा पीत नाही, एवढंच. हॉलच्या पायऱ्यांवर रणरणतं ऊन होतं. बाबा तिथे गुडघे वर घेऊन बसले आणि बशीत चहा ओतला.

मी कप हातात घेऊन आत उभी होते. सिस्टर कातरणांची घरटी नीट करत होत्या. मला नक्की आठवतं, मी काहीच ठरवलं नाही. एवढंच वाटलं की हे आता माझ्याच्यानं होत नाही. मी बाहेर गेले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दगड तापलेला होता. बाबा कुजबुजले, "आत जा, बाई. बघतील."

सिस्टर दारात येऊन उभ्याच होत्या, नेहमीसारख्या आवाज न करता.

"सिस्टर, हे माझे वडील," मी म्हटलं.

त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेरे फादर?"

"हो. सुभेदार नव्हते. पलटणीत बूट शिवायचे. आता घरी शिवतात. मी कुणाला सांगितलं नाही."

माझा आवाज चढला होता. मी भांडायच्या तयारीत होते. सिस्टरांच्या कपाळाला आठी पडली. उशिरा येणाऱ्या मुलींसाठी त्या राखून ठेवायच्या ती.

"तो इनको बाहर धूप में क्यों बिठाया?" त्यांनी मला विचारलं.

चार वर्षं मी एका प्रश्नाची तयारी करत होते आणि आला तो दुसराच, आणि तो बरोबर होता.

"अंदर लेके आव," त्या म्हणाल्या. मग बाबांकडे वळून, "बाबाजी, कितना बाकी?"

"सात ऱ्हायलेत," बाबा म्हणाले. ते गडबडून उठले होते, बशी हातातच होती.

आम्ही आत गेलो. सिस्टरांनी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली, पण खुर्चीवर बसून पॉलिश करता येत नाही, म्हणून ते पुन्हा खालीच बसले. मीही खाली बसले. थोडा वेळ ते माझ्याकडे बघेनात. एक ससा झाला, दुसरा घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कशाला सांगितलंस?"

"कंटाळा आला," मी म्हटलं.

त्यांनी वर्तुळं काढणं थांबवलं नाही, पण मिशीखाली काहीतरी हललं. "ते कापड दे इकडं," म्हणाले. "आन् नीट झटकून दे. केवढी धूळ हाय."

मी कापड झटकून दिलं. मला इतकं हलकं वाटत होतं की वेड्यासारखं हसू यायला लागलं. उन्हातून घरी येऊन माठातलं पाणी प्यायल्यावर वाटतं तसं. बाबा म्हणाले, दात काय काढतीस, आटप. आम्ही आटपलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना चोवीसही ससे आपापल्या घरट्यात होते, आणि सिस्टरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, वास जावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी ससे गाजले. मुलांच्या आयांनी सुद्धा जवळ जाऊन वाकून पाहिलं. कुणीतरी विचारलं, हे इतकं हुबेहूब कुणी केलं, तर मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बॉडी या टीचरची आणि पॉलिश तिच्या वडिलांचं. शिक्षकांच्या खोलीत बातमी माझ्याआधी पोचली. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, त्यांना त्यानंतर माझं लोणचं तिखट लागायला लागलं. आणखी एक बाई डबा घेऊन खिडकीशी बसायला लागल्या, तिथे वारा चांगला येतो म्हणून. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार. पण जिची इतकी वर्षं धास्ती घेतली ती गोष्ट एवढीशीच निघाली. बाकीच्या तिघी-चौघी आधीसारख्याच जेवत राहिल्या, आणि एकीनं पुढच्या सोमवारी नवऱ्याचे बूट आणले. लोणचं मलाही जास्त उरायला लागलं.

पण सुटका खरी झाली ती त्या शनिवारीच, घरी परत जाताना. हॉलला कुलूप लागलं. सिस्टरांनी बाबांना हात जोडले, बाबांनी गडबडीत सलाम ठोकला. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. ऊन उतरलं होतं. सायकल हातात धरून बाबा माझ्या बरोबरीनं चालत होते. शाळेच्या भिंतीपलीकडून सरळ रस्ता लाइनीकडे जातो, तिकडे ते थोडा वेळ बघत राहिले.

"उद्या मेजरसाहेबांचे बूट द्यायचेत," म्हणाले.

"मग?"

"मग आता इकडनं जाऊ का?"

मला कळेना. "इकडनं म्हणजे? जाता कुठून तुम्ही?"

"कब्रस्तानाच्या मागनं."

"ते कशाला? तिकडून तर दुप्पट पडतं."

बाबांनी घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "हँडलला बुटांची पिशवी ऱ्हाती ना," म्हणाले. "तुझी पोरं-बाया फाटकात असत्यात. म्हणून तू शाळेला लागलीस तवापासनं तिकडनंच जातो."

चार वर्षं. उन्हात, पावसात, कधी दिवसातून दोनदा. मी सायकलच्या हँडलवर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला आणि म्हटलं, "इकडूनच जा, बाबा."

"जातो मग," ते म्हणाले. "तिकडनं लई लांब पडतं."